उतरव तो मुखवटा!

वर्धापनदिनाच्या कुस्त्यांना आखाडा तुडुंब भरला होता, आणि शेवटच्या लढतीत काळं घुबड आणि रुपेरी हरीण या दोन मल्लांचे मुखवटे पणाला लागले होते. हरेल त्यानं रिंगणात उभं राहून तोंड दाखवायचं, खरं नाव सांगायचं, पुन्हा म्हणून मुखवटा घालायचा नाही. पहिल्या रांगेत एउफ्रासियाबाई घसा फोडून ओरडत होती, "आपट त्या काळ्या घुबडाला! मुखवटा उतरव मेल्याचा!"

"अगं, जरा दमानं! त्या घुबडानं तुझं काय घोडं मारलंय?" शेजारीण ऑबदुलिया म्हणाली.

"इतकी वर्षं तोंड लपवून फिरतोय मुडदा. आज बघू दे की जगाला!"

तिसऱ्या फेरीत रुपेरी हरणानं घुबडाला डोक्यावर उचलून आदळलं आणि पंचानं तीनदा फळी बडवून घुबड हरल्याचं जाहीर केलं. सगळा आखाडा उभा राहून नाचायला लागला. घुबडानं आपल्या हातानं मागच्या दोऱ्या सोडल्या, मुखवटा काढला आणि नाव सांगायला माइक तोंडाशी धरला.

एउफ्रासिया खुर्चीवर चढली.

"बापाच्या आडनावामागं आईचंही लाव रे, सिप्रियानो! ह्या ऑबदुलियाला कळू दे, कुणाचा लेक आहेस ते!"