शेवटचा थांबा

"गाडी तिथूनच वळवा, बाई," वायरलेसवर डेपो मॅनेजर म्हणाले. "वणवा रस्त्याकडे उतरतोय. पुढे कोणी जायचं नाही."

ड्रायव्हरबाईनं गाडी पोलिसांच्या अडथळ्यापाशी कडेला घेतली. डाव्या हाताला समुद्र निवांत पसरला होता. उजव्या हाताला डोंगरामागून तपकिरी धूर वर चढत होता. गाडीतले अकरा पर्यटक सकाळपासून समुद्राकडच्या खिडक्यांसाठी भांडत आले होते. आता सगळ्यांच्या माना उजवीकडे वळल्या होत्या.

"साहेब, दीपगृहाच्या वस्तीवर नऊ म्हातारी माणसं आहेत. एकाकडेही वाहन नाही."

"अग्निशमनवाले आणतील त्यांना."

"त्यांचा बंब डोंगरापलीकडे अडकलाय, तिकडच्या रस्त्यावर झाड आडवं झालंय. आत्ता तुम्हीच सांगितलंत."

मग साहेब म्हणाले, "हा हुकूम आहे. गाडीला काही झालं तर जाब मला द्यावा लागेल."

"आणि माणसांना झालं तर?" तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता वायरलेस बंद केला.

तिनं पर्यटकांना खालच्या मोकळ्या वाळूवर उतरवलं. "अर्ध्या तासात येते. पाण्याजवळच थांबा, डोंगराकडे फिरकू नका." दहाजण मुकाट्यानं उतरले. अकरावी, एक निवृत्त नर्सबाई, जागची हलली नाही.

"माझं तिकीट शेवटच्या थांब्याचं आहे," ती म्हणाली. "आणि चाळीस वर्षं भाजलेली माणसं हाताळलीत मी. मला कशाला उतरवतेस?"

वाद घालायला वेळ नव्हता. पोलीस आडवा आला, ड्रायव्हरबाईच्या तोंडाकडे बघत राहिला, मग त्यानं रस्त्यातलं पिंप बाजूला सरकवलं आणि पाठ फिरवली.

सहा किलोमीटर. चौदा वर्षं ती हा रस्ता रोज दोनदा कापत होती. पण वायपरनं राख सारायची वेळ आज पहिल्यांदाच आली होती. मागे नर्सबाई पर्यटकांच्या राहिलेल्या बाटल्यांमधलं पाणी टॉवेलांवर ओतत होती.

वस्तीवर रडारड नव्हती. उन्हाळा लागला की इथं प्रत्येकाच्या दाराशी एक भरलेली पिशवी असायची आणि अंगणात पाण्यानं भरलेल्या बादल्या. म्हातारे-म्हाताऱ्या कंबरेत वाकून घरांभोवतीचं वाळलेलं गवत कापत होते. गाडी दिसताच त्यांनी विळे टाकले, पिशव्या उचलल्या आणि भराभर चढले. तिनं मोजलं. आठ.

नववी आजी शेवटच्या घराच्या छपरावर होती. हातात पाण्याचा पाइप.

"मी नाही येत!" ती वरूनच ओरडली. "दोन वणवे परतवलेत मी!"

"तिसरा परतवायला तुम्ही शिल्लक तर हव्यात, आजी!"

"घर गेलं म्हणजे?"

"परत बांधू. विटा मी आणून टाकीन, याच गाडीतून."

"सरकारी गाडीतून? तुला आणू देतील?"

"आज तरी कुठं मला पाठवलंय कोणी!"

आजीला हसू फुटलं, हसता हसता खोकला लागला. धूर आता दीपगृहापर्यंत आला होता. ती शिडीवरून एकेक पाय टाकत उतरली. पाइप मात्र तिनं छपरावरच बांधून ठेवला, पाणी चालू ठेवून.

"वाहू दे," डोंगराकडे बघत ती म्हणाली. "त्याला वाटू दे, म्हातारी घरातच आहे."

परतीच्या वाटेवर तिसऱ्या वळणाला दिवस मावळल्यासारखं झालं. उजवीकडचा समुद्र दिसेना, डावीकडची काच हात लावू देईना. ड्रायव्हरबाईनं उजवी खिडकी उघडली, मान बाहेर काढली आणि रस्त्याच्या मधला पांढरा पट्टा धरून गाडी हाकली. डोळ्यांतून पाणी गळत होतं. पण पाय ॲक्सिलरेटरवरून हलला नाही. मागे नाकाला ओले टॉवेल लावून दहा माणसं बसली होती. कोणी देवाचं नाव घेत होतं, कोणी वणव्याला शिव्या देत होतं. शिव्यांमध्ये आजीचा आवाज सगळ्यांत वर होता.

मग एकदम उजेड आला. अडथळा दिसला, वाळू दिसली. पर्यटक धावत येऊन गाडीत चढले. पोलीसही आपलं सामान आवरत होते, आग दोन डोंगर अलीकडे आली होती. आणि जीपमधून उतरलेले डेपो मॅनेजर स्वतः दारात उभे होते, एक पाय पायरीवर.

गाडीच्या डाव्या अंगाचा रंग फुगून आला होता. त्यांनी तो पाहिला आणि हात पुढे केला.

"किल्ली द्या. तुम्ही निलंबित आहात. दुसरी गाडी निघालीय डेपोतून. उतरा, सगळे उतरा."

कोणी उठलं नाही.

"ऐकू येत नाही का? उतरा!"

नर्सबाई एका म्हाताऱ्याच्या हाताला ओली पट्टी गुंडाळत होती. तिनं वर बघितलंसुद्धा नाही. पहिल्या बाकावरच्या आजीनं तोंडावरचा टॉवेल खाली घेतला.

"बाबा रे," ती म्हणाली, "चाळीस वर्षांचं घर सोडून मी या गाडीत बसलेय. आता तुझ्या सांगण्यावरून उतरू होय?"

साहेबांनी एकेका बाकाकडे पाहिलं. वीसजण आपापल्या जागी बसून होते. मागे डोंगरावर काहीतरी मोठं कडाडून कोसळलं.

ड्रायव्हरबाईनं गियर टाकला.

"साहेब," ती म्हणाली, "दार लावायचंय. एकतर आत या, नाहीतर पाय काढा."