तपासणीचे हातमोजे

तपासणी पार पडली तर मालकाला मोठ्या कंपनीचं काम, मुकादमाला बढती आणि हौदात कातडी धुणाऱ्या मावशीच्या लेकीला पॅकिंगमध्ये खुर्चीवरची नोकरी मिळणार होती. म्हणून मावशीने सोललेल्या बोटांवर नवे हातमोजे चढवले. कंपनीच्या तपासनीस बाई हौदापाशी थांबल्या. “रोज घालता ना, मावशी?” “घालते की. त्यांच्याशिवाय रसायनाला हात लावत नाही.” “हात दाखवा बघू.” मुकादम म्हणाला, “मॅडम, भविष्य सांगणार का?” बाई हसून पुढे गेल्या. संध्याकाळी मुकादमाने हातमोजे ओढून काढले, तशी सालंही निघाली. “मावशी, या हातांनी काय होणार? उद्यापासून घरीच बसा.” “आणि लेकीचं?” “दिलेला शब्द मोडेन का? पॅकिंग भरलंय, पण तुमची जागा रिकामी झालीय.” हातमोजे धुऊन पुढच्या तपासणीसाठी कपाटात गेले. मालकाला काम, मुकादमाला बढती, लेकीला आईचा हौद मिळाला.