मोगऱ्याची छाटणी

"इतकं कापलंस? मरेल ना तो," अबोली म्हणाली.

"नाही मरत." माधुरीनं कात्री पुन्हा चालवली. मोगऱ्याची वाळकी फांदी फरशीवर पडली. "फेब्रुवारीत छाटला की होळीपर्यंत पालवी फुटते आणि पाडव्याला कळ्या येतात. आत्ता दया दाखवलीस तर वर्षभर नुसती पानं बघत बसशील."

मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावरची ती बाल्कनी, जेमतेम दोन खुर्च्या मावतील एवढी. एके काळी तिथे बावीस कुंड्या होत्या. नवरा, राजेश, गेल्यावर माधुरीनं कॉलेजातलं गणित शिकवणं सोडलं नाही, पण कात्री आणि खुरपं मात्र माळ्यावर टाकून दिलं. सहा वर्षांत अर्ध्या कुंड्या रिकाम्या झाल्या. उरलेल्यांना तिची लेक अबोली आठवेल तेव्हा पाणी घालायची.

आता घाई होती. पंधरा दिवसांनी, रविवारी, चेंबूरहून पाहुणे यायचे होते. बोलणं व्हायचं ते बाल्कनीतच, हा अबोलीचा हट्ट. हॉलमध्ये एकमेकांच्या तोंडाकडे बघत मोकळं कोण बोलणार, असं तिचं म्हणणं. लग्नाच्या साइटवर नाव तिनंच घातलं होतं. फोटोही तिनंच निवडला, हिरव्या साडीतला. आईला सांगितलं ते सगळं करून झाल्यावर.

माधुरी चार दिवस तिच्याशी बोलली नव्हती. पाचव्या दिवशी तिनं माळ्यावरून कात्री काढली.

जास्वंदीवर पांढरी कीड पडली होती. निंबोळी तेल पाण्यात घोटून अबोलीनं पानं खालून-वरून फवारली. वास घरभर पसरला. माधुरीनं एकेक कुंडी आडवी केली, कडेवर ठोकली, मुळांचा घट्ट गोळा बाहेर ओढला आणि चाकूनं खालचा भाग सरळ उडवला. नवी माती, गांडूळखत, थोडं कोकोपीट. कोपरापर्यंत हात माखलेले असताना फोन वाजला. अबोलीनं तो तिच्या कानाशी धरला. माधुरीची मोठी बहीण शुभा, डोंबिवलीहून.

"पत्रिका जुळते का गं?"

"पत्रिका बघायचीच नाही असं ठरलंय."

"बरं झालं. वयात अंतर किती?"

"पाच वर्षं."

"चालतं तेवढं. घरात कोण कोण?"

"बाप-लेक. दोघंच."

"म्हणजे सासूचा जाच नाही," शुभा हसली. "मधू, उगाच खोट काढत बसू नकोस हां. तुझी सवय आहे ती."

संध्याकाळी वरच्या मजल्यावरची तेजल कठड्यावरून वाकली. "काय माधुरी, बाल्कनी एकदम झकास. पाहुणे येणारेत वाटतं. अबोलीचं जमतंय का?"

"काही जमलं तर पेढे आणून देईन," माधुरी म्हणाली आणि झारी घेऊन खाली वाकली.

पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी दोघी गोकर्णीची वेल जाळीला बांधत होत्या. मोगऱ्याच्या बोडक्या खोडावर पोपटी कोंब आले होते. माधुरी एकदम थांबली.

"अबोली, खरं सांग. हे तुला मनापासून हवंय ना? अजून नाही म्हणता येतं. फोन करते आणि सांगते."

"तीनदा सांगितलंय, आई. हवंय."

"बाबांची आठवण येईल."

"ती रोजच येते." अबोलीनं सुतळीचं टोक दातांनी तोडलं. "म्हणून काय आयुष्यभर असंच बसायचं? आणि एक सांगून ठेवते, उद्या चहाचा ट्रे घेऊन मी येणार नाही."

"मग काय मी येऊ?"

"कुणीच नको. चहा आधीच टेबलावर ठेवू."

रविवारी साडेपाचला पाहुणे आले. मिहिर उंच, चष्मेवाला. अबोलीशी त्याचं दोन आठवडे फोनवर बोलणं चालू होतं, तरी तो अवघडल्यासारखा सोफ्याच्या कडेला बसला. त्याचे वडील अनिरुद्ध मात्र निवांत होते. पांढरा हाफ शर्ट, चेहऱ्यावर हसू. साठ मुलांच्या वर्गात कधी न अडखळलेल्या माधुरीनं त्यांना चहात साखर किती, हे दोनदा विचारलं.

गप्पा पावसाळ्यातल्या गळतीवर गेल्या, मग मिहिरच्या नोकरीवर, मग थांबल्या. अनिरुद्ध बाल्कनीच्या दाराकडे बघत होते.

"मोगरा नुकताच छाटलाय वाटतं."

"हो. सहा वर्षं हात लावला नव्हता."

"मग जरा जपून कापायचा."

"जपून कापला असता तर फुटला नसता," माधुरी म्हणाली.

अनिरुद्ध मोठ्यानं हसले. माधुरीही हसली, आणि तिचे खांदे सैल पडले.

अबोलीनं संधी सोडली नाही. "काका, जवळून बघा ना. आई, तू दाखव."

माधुरी उठली. पदर सारखा करून ती पुढे झाली. मागून अनिरुद्ध गेले. जास्वंदीपाशी थांबून त्यांनी काहीतरी विचारलं, आणि माधुरी हात हलवत भरभर सांगू लागली, वर्गात सांगावं तसं.

मिहिर दाराशी घुटमळला. "पाच मिनिटांनी बोलवूया का त्यांना आत?"

"अजिबात नाही." अबोलीनं बाल्कनीचं दार हळूच ओढून घेतलं. "बोलू दे निवांत. लग्न त्या दोघांना करायचंय, आपल्याला नाही."