फोटो हलला

हिंगणघाटकडच्या एका देवस्थानात परप्रांतीय मजुरांसाठी मदत शिबिर होतं. कायद्याचा फुकट सल्ला द्यायला वकील पौर्णिमा बसली होती आणि देवस्थानचे अध्यक्ष, कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मालक प्रफुल्लशेठ, ब्लँकेटं वाटत होते. फोटो हलला म्हणून त्यांनी छत्तीसगडच्या मजूर फूलबासनच्या अंगावरचं ब्लँकेट तीनदा ओढून काढलं आणि तीनदा पांघरवलं. "हास नं वं बाई, पेपरात येनार हाये तुहा फोटो!" शेठ म्हणाले. पौर्णिमाला शिसारी आली.

पंधरा दिवसांनी शेठच्याच जिनिंगच्या मशीनमध्ये फूलबासनचा पंजा गेला. पौर्णिमाने तिची भरपाईची केस घेतली.

सुनावणीत शेठ हात जोडून न्यायाधीशसाहेबांना म्हणाले, "देवाशप्पथ सांगतो साहेब, हे बाई आमच्या जिनिंगवर कधी कामाले नव्हतीच. मी तं हिले आजच पाहून राह्यलो."

पौर्णिमाने पेपरचं कात्रण पुढे सरकवलं. फोटोखालची ओळ शेठनी स्वतः सांगून छापून घेतली होती.

"आपल्याच जिनिंगमधील मजूर फूलबासनला मायेची ऊब देताना प्रफुल्लशेठ."