मांडवातला गुणाकार

"त्या गनित्याला उठवा," वराकडचा जगन मुकादम म्हणाला, आणि सगळा मांडव कमळाकरकडे वळला.

कमळाकर खांबाला टेकून बसला होता. आदल्या दिवशी मुंबईहून आला तेव्हापासून तो जागा मिळेल तिथे टेकत होता. धाकट्या बहिणीचं, गोदूचं लग्न. अक्षता पडून गेल्या होत्या, पंगत बसायची होती, आणि आता हे. या खेपेला टळेल असं त्याला उगीचच वाटलं होतं.

पनवेलच्या खाडीकाठी मिठागरांवर राबणारी त्यांची भावकी. तिच्यात लग्न लागलं की वराकडच्यांनी कोडं घालायचं आणि वधूकडच्यांनी ते सोडवायचं. नाही सुटलं तर नवरीला सासरी जन्मभर टोमणे. बळीरामचा कमळाकर सात वर्षांचा झाला आणि कोडी मागे पडून आकडे आले, कारण हे पोर लाखांचे गुणाकार तोंडी करायचं. मग काय, ज्याच्या घरी लग्न तो बळीरामच्या दारात. बळीरामने पोराला खांद्यावर घ्यायचं, मांडवात नेऊन उभं करायचं. पोर उत्तर सांगायचं, मांडव टाळ्या पिटायचा. ताडून कोण बघतो? पटकन आलं म्हणजे बरोबर आलं, अशी तिथली समजूत. बळीराम कायम अगदी पुढे उभा. बापाला त्या टाळ्यांची चटक लागली होती, हे कमळाकरचं ठाम मत होतं, आणि त्याचा राग त्याने कधी बोलून दाखवला नव्हता.

पुढे शिष्यवृत्त्या मिळाल्या, मुंबईला कॉलेज झालं, मोठ्या संशोधन संस्थेत नोकरी लागली. तिथे गुणाकाराला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं. तिथे एकेक प्रश्न माणसाची वर्षं खायचा. कमळाकरने एकाच प्रश्नावर सगळं तरुणपण घातलं, आणि एका सकाळी त्याच्याच ध्यानात आलं की पहिल्याच पायरीत खोट आहे. झालं. तेव्हापासून आकडे नकोसे झाले. पूर्वी एसटीचा नंबर दिसला तरी डोकं आपसूक त्याचे अवयव पाडायचं. आता नुसता शीण यायचा. साठ सालच्या दिवाळीनंतर त्याने राजीनामा दिला. घरी मात्र सांगितलं, लांबची रजा काढलीय. गावभर पोराचं नाव मिरवणाऱ्या बापाला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? गोदूचं लग्न तेवढं निभावून न्यायचं, मग बघू, असं त्याने ठरवलं होतं.

"सात हजार आठशे चौतीस," जगन मुकादम सावकाश म्हणाला, "गुनिले नऊशे सदुसष्ट. सांगा आता."

कमळाकर उठला. एके काळी समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत उत्तर येऊन बसलेलं असायचं. आज काही आलं नाही. त्याने डोळे मिटले, एक आकडा धरला, दुसरा धरेपर्यंत पहिला सुटला. मांडवात चुळबुळ सुरू झाली. नवऱ्याची करवली कुणाच्या तरी कानाला लागून फिदीफिदी हसली. गोदूने मुंडावळ्यांआडून भावाकडे पाहिलं.

"पंचाहत्तर लाख सत्तेचाळीस हजार दोनशे त्रेसष्ट," कमळाकर म्हणाला. तोंडभर हसला आणि हात जोडले.

मांडव टाळ्यांनी दणाणला. उत्तराच्या शेवटी तीन. अहो, चौतीसला कशानेही गुणा, शेवटी तीन यायचाच नाही. चौथीतलं पोरही सांगेल. मांडवात एक गुरुजी बसले होते, त्यांनी तर सगळ्यांच्या आधी टाळी दिली. जगन मुकादमाने "हरलो बा आमी" म्हणत मानाचा नारळ पुढे केला. गोदूचा जीव भांड्यात पडला. कमळाकर मटकन खाली बसला. सुटलो, एवढंच त्याच्या मनात आलं, आणि मग त्याला स्वतःची लाज वाटली.

पंगत बसली तेव्हा तो मांडवामागे पाण्याच्या पिंपाशी तोंड धूत होता. बळीराम मागून आला. म्हातारा आता जपून चालायचा, खाऱ्या पाण्याने पायांची पार चाळण झाली होती. त्याने खांद्यावरचा पंचा मुलापुढे धरला.

"उत्तर चुकला नं?"

कमळाकरने पंचा घेतला.

"नि नोकरीबी सोडलीस."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तूच. आता मांडवात." बळीराम पालथ्या घातलेल्या टोपावर टेकला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो फक्त दमलेला होता. "तुजी उत्तरं मना कवा समजली? लोक टाल्या पिटायचे, मी तुज्या तोंडाकडं बगायचो. बरोबर आला का तू कदी हसायचा नायस. आज हसलास, तवाच कलला, उत्तरबी खोटा नि रजाबी खोटी."

कमळाकरने पंचा तोंडावर दाबून धरला. इतक्या वर्षांचं गिळलेलं शेवटी बाहेर आलं.

"हसत नव्हतो ते दिसत होतं, बाबा, तर मग मला नेत का होतात?"

बळीरामने आपल्या पायांवरून हात फिरवला.

"मना वाटायचा," तो म्हणाला, "पुढच्या मांडवात तरी पोर हसेल."