उणे पाच

ऊसमळ्यांच्या बेटावर, सें पिएर गावच्या देवळामागच्या सभागृहात पहिल्यांदाच संगणक आला होता. साल एकोणीसशे सत्त्याऐंशी. गावच्या मराठी मंडळातर्फे जमुनाआजींचा सत्कार होता. त्यांनी नव्वदी ओलांडली होती. नवी शाल पांघरून त्या पुढच्या खुर्चीवर बसल्या होत्या.

मंडळातल्या तरुण चंद्रमोहनने सरकारी दप्तरातून गावातल्या जुन्या घरांच्या तारखा उतरवून आणल्या होत्या. नवराबायकोचं लग्न कधी, पहिलं मूल कधी. एकोणीसशेच्या आधीची तारीख संगणकावरचा तक्ता घेतच नव्हता, म्हणून त्याने प्रत्येक सालात शंभर मिळवले होते. दोन्हीकडे शंभर वाढले की अंतर तेच राहतं, हे त्याने सर्वांना समजावलं आणि वजाबाकीचं सूत्र भरलं. लग्नानंतर किती वर्षांनी कोणाच्या घरी पाळणा हलला, ते आता दिसणार होतं.

जमुनाआजींच्या आईबापांच्या ओळीत आलं, उणे पाच.

लोक हसले. "तुझे शंभर कुठे सांडले, बाबू?" अध्यक्ष इंद्रदेव म्हणाले.

चंद्रमोहनचे कान तापले. त्याने तारखा पुन्हा ताडून पाहिल्या, आणि चूक आपली नाही या आनंदात बोलून गेला, "हिशेब बरोबर आहे, काका. आजी लग्नाच्या पाच वर्षं आधीच जन्मल्या."

हसणं थांबलं. जमुनाआजींनी शालीचं टोक तोंडावर ओढलं. शालीआडूनच सांगू लागल्या. आईबापांचं लग्न उसाच्या मळ्यातल्या मजुरांच्या वस्तीत, मारुतीसमोर झालं होतं, अक्षता पडल्या होत्या. पण देवासमोरचं लग्न सरकार मानत नव्हतं, म्हणून सरकारी कागद मागाहून केला.

"कागदाच्या दिवशी मी पण गेले होते, बाबू. आईने मला नवा झगा शिवला होता."

चंद्रमोहनने यंत्र बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे चालू." मागच्या रांगेतून चंपाकाकू उठल्या. "तिचंच का? आता माझ्या आईबापांचं वाच. मग खालचं."

सूत्र सगळ्या रकान्यात उतरलं होतं. जवळजवळ प्रत्येक आकड्याआधी उण्याची रेघ होती. चंद्रमोहन खालमानेने वाचू लागला. ज्या घराचं नाव येई, त्या घरचं माणूस उभं राही.

शेवटच्या ओळीशी तो थांबला. ती त्याच्या पणजोबांची होती, तीही उणेच.

त्याने वर पाहिलं. त्याचे वडील आधीच उभे होते, तो वाचायची वाट पाहत.