वन्संची मोहनमाळ

मोहनमाळ सापडली तर गोपीनाथला दहा रुपये मिळणार होते, नाही तर नुसता चहा. लष्कराच्या भंगारातून घेतलेलं सुरुंग शोधायचं यंत्र तो कळव्याच्या खाडीकाठी चिखलावरून फिरवत होता.

"नारळ सोडताना इथेच पडली हो!" नीलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "माझ्या माहेरची माळ. तुम्ही वन्संना लग्नात द्यायची ठरवलीत, आणि बघा!"

"नीट शोध रे!" हरिहरराव गोपीनाथवर खेकसले.

चिखल गप्पच होता. वळताना यंत्र नीलाबाईंच्या ओच्याजवळून गेलं, आणि गोपीनाथच्या कानावरचे भोंगे कर्कश वाजले. ते ऐकू येत फक्त त्यालाच. त्याने वर पाहिलं. बाईंनी ओचा मुठीत घट्ट धरला होता.

"नाय साहेब, चिखलान कायच नाय."

 

चहा साहेबांनी पाजला. न सापडल्याचे वीस रुपये बाईंनी दिले.